एंजल, निऑन, टायगर बार्ब, गोल्डफिश... एका टाकीत नांदतील का?

निळाई

बऱ्याच वादावादीनंतर घरात एकदाची काचेची टाकी आली. लांबी ९० सेंमी, रुंदी ३८, उंची ४५. तळाला बारीक काळी खडी, चार-पाच खरी झाडं, फिल्टर आणि हीटर लावून तीन दिवस झाले. पाणी नितळ दिसतंय. रविवारी मासे आणायचे आहेत. प्रत्येकाने आपापली फर्माईश सांगितली, तिची बेरीज अशी: एंजल २, निऑन टेट्रा १०, टायगर बार्ब ४, गप्पी ६, गोल्डफिश २ (धाकटीचा हट्ट) आणि काच साफ ठेवायला एक सकर. दुकानात विचारलं तर "सगळे एकत्र राहतात, बिनधास्त न्या" म्हणाले. तिथल्या एका टाकीत यातले बरेचसे खरोखर एकत्र पोहतही होते. तरी मन खात होतं म्हणून विचारते. यातलं कुणी कुणाला खाणार नाही ना, एवढंच सांगा.

तळ्यातमळ्यात

एवढंच सांगायचं तर: खाईल. एंजल निऑनना खाईल. आज नाही, वर्षभरात.

दुकानात दिसतं ते फसवं असतं. तिथले सगळे मासे पिल्लं असतात, आणि चार दिवसांचे पाहुणे. शिवाय टाकीत इतकी गर्दी असते की कुणालाच आपला कोपरा धरून बसता येत नाही, त्यामुळे भांडण व्हायला जागाच नसते. तुम्ही घरी आणता तो नाण्याएवढा एंजल पूर्ण वाढला की अंगाने १५ सेंमी होतो आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत २० सेंमीच्या वर जातो. दिसायला देखणा आणि संथ असला तरी तो सिक्लिड आहे. तोंडात मावेल ते गिळायचं, हा त्याचा स्वभाव. निऑन वाढून वाढून ३-४ सेंमीचा, तोही काडीसारखा बारीक. रात्री दिवा बंद झाला की निऑन सुस्त होऊन अधांतरी थांबतात, आणि सकाळी एक कमी दिसतो.

पण खाणं हा यादीतला सगळ्यात छोटा प्रश्न आहे. टायगर बार्ब कुणाला खाणार नाहीत, कुरतडतील. एंजलच्या पोटाखाली लोंबणारे ते दोन लांब दोरे आणि गप्पीचं झुपकेदार शेपूट म्हणजे त्यांच्यासाठी खेळणं. त्यातही ४ ही संख्या सगळ्यात वाईट. टायगर बार्ब दहा-बारा असले की त्यांची सगळी मारामारी आपापसात चालते, कोण वरचढ हे ठरवण्यात दिवस जातो. तीन-चारच असले की त्यांना बाहेर गिऱ्हाईक शोधावं लागतं.

सकर म्हणून मिळणारा तो बोटभर मासा ३०-४५ सेंमीचा होतो. तुमच्या टाकीची रुंदी ३८ आहे. त्याला वळता येणार नाही.

वाचनमात्र

थोडक्यात, यादीतलं फक्त पाणी बरोबर आहे.

गाळणी

पाणीही नाही.

निळाई, नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. तो दिसत नाही, वासही येत नाही, आणि अगदी थोडा असला तरी कल्ले जाळतो. जुन्या टाकीत नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, रक्तातला प्राणवायू अडवतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तीन दिवसांच्या टाकीत २५ मासे सोडले तर दुसऱ्या आठवड्यात जे होतं ते बघून निम्मे लोक हा छंद सोडतात आणि "आम्हाला मासे लाभत नाहीत" असं आयुष्यभर सांगत फिरतात.

तेव्हा रविवारी मासे आणू नका, टेस्ट किट आणा. टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका, जणू मासे आहेत असं समजून. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. त्या दिवशी टाकी तयार. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, हे काम खूप लवकर होतं. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. पाण्यातलं क्लोरीन ती सगळी वस्ती मारून टाकतं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

निळाई

बाप रे. मी एक ओळ मागितली होती. 😀

बरं, महिनाभर रिकामी टाकी बघत बसायची तयारी करते. पण मग यादीचं काय? आणि गोल्डफिश तरी चालतील ना? ते तर सगळ्यात साधे मासे.

जुनी_जाळी

मी वीस वर्षं मासे पाळतोय. इथे नवख्यांना जरा जास्तच घाबरवलं जातंय असं वाटतं. माझ्याकडे एंजल आणि निऑन एकाच टाकीत तीन वर्षं सुखाने आहेत. युक्ती सोपी आहे: निऑन आधी आणायचे, पूर्ण वाढू द्यायचे, मग एंजलची अगदी लहान पिल्लं सोडायची. ती निऑन बघतच मोठी होतात, त्यांना खाणं समजत नाहीत. आणि पोटभर खायला घालायचं. भरल्या पोटी कोण कशाला शिकार करेल?

तळ्यातमळ्यात

जुनी_जाळी, ही युक्ती काही जणांची चालते, मान्य. पण एक विचारू? निऑन किती आणले होते आणि आज किती आहेत?

जुनी_जाळी

१५ आणले होते. आज किती ते मोजावं लागेल, झाडांत असतात.

जुनी_जाळी

मोजले. ७.

मेलेला मात्र एकही सापडला नव्हता. म्हणून मी समजत होतो सगळे आहेत.

वाचनमात्र

"पोटभर खायला घालायचं" हे तुम्ही पाळलंत की.

जुनी_जाळी

हसा. पण खरं सांगायचं तर मला निऑनपेक्षा मोठा त्रास वेगळाच झाला. चार एंजलपैकी दोघांची जोडी जमली. फिल्टरच्या नळीवर अंडी घातली आणि त्या दिवसापासून टाकीचा अर्धा भाग त्यांचा. बाकीचे सगळे उरलेल्या अर्ध्यात एकमेकांना खेटून. निळाईने २ एंजल लिहिलेत. लहानपणी एंजलमध्ये नर-मादी ओळखता येत नाहीत. दोन आणले तर एक तर जोडी जमेल आणि इतरांना पळवून लावेल, नाहीतर दोघं एकमेकांच्या उरावर बसतील. आणायचेच तर सहा पिल्लं आणून वाढवायची, जोडी जमली की बाकीच्यांची सोय बघायची. किंवा मग एकच.

तळ्यातमळ्यात

हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

आता गोल्डफिश. हा साधा मासा आहे हा समज कसा पसरला कोण जाणे. बहुतेक तो गोल भांड्यात ठेवलेला दाखवतात म्हणून. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी पाळीव कार्पपासून तयार झालेला हा मासा, त्यामुळे त्याला थंड पाणी लागतं, १८ ते २२ अंश. तुमच्या बाकीच्या यादीला २४-२६ लागतं. मधलं काहीतरी ठेवू म्हटलं तर दोघंही कुढत जगतील. त्याला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, म्हणून तो सतत खातो आणि सतत घाण करतो. झाडं उपटतो, कोवळी पानं खातो. वाढला की तोंडात मावणारा निऑन त्यालाही वर्ज्य नाही. फुगीर पोटाचे, दुहेरी शेपटीचे प्रकारही १५ सेंमीच्या पुढे जातात, आणि नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. "साधा मासा" म्हणून आणलेला गोल्डफिश सहा महिन्यांत मेला की लोकांना वाटतं त्याचं आयुष्यच तेवढं.

तेव्हा धाकटीचा हट्ट पुरवायचा असेल तर पूर्ण पुरवा. टाकी गोल्डफिशची. दोन मासे, हीटर बंद, चिवट पानांची झाडं, दुप्पट ताकदीचा फिल्टर, बस्स. सुंदर दिसते अशी टाकी. पण मग बाकीची यादी विसरा.

निळाई

नाही, मतदान झालं. ३ विरुद्ध १. धाकटी रुसली आहे.

बोका_बघतोय

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे छोट्या टाकीत एक निळा फायटर आहे. एकटा आहे म्हणून वाईट वाटतं. मोठी टाकी घेतोय, त्यात गप्पी सोडू का सोबतीला? ते तर गरीब असतात.

तळ्यातमळ्यात

गप्पी गरीब, पण गप्पीचा नर लांब, रंगीत शेपूट मिरवत फिरतो. फायटरला वाटतं दुसरा फायटरच आला. काही फायटर दुर्लक्ष करतात, काही पहिल्याच रात्री शेपूट फाडून ठेवतात. एकाच जातीत स्वभावाचा इतका फरक दुसऱ्या माशात क्वचित दिसतो, म्हणून "माझ्याकडे चालतं" या वाक्यावर फायटरच्या बाबतीत अजिबात विसंबू नका.

सोबत द्यायची तर फायटरसारखी न दिसणारी, पर न कुरतडणारी द्या. हार्लेक्विन रासबोरा आठ-दहा, किंवा तळाशी राहणारे कुहली लोच. आधी त्यांना सोडा, फायटर शेवटी. फिल्टरचा झोत मंद ठेवा, एवढ्या जड परांनी त्याला प्रवाहात पोहणं झेपत नाही. आणि काहीही सोडलं तरी एक रिकामी टाकी हाताशी असू द्या.

बाकी त्याला एकटं वाटतं हे आपलं वाटणं. तो मूळचा उथळ, झाडीने भरलेल्या पाण्यातला. तिथे प्रत्येक नर आपापली जागा राखून असतो. शेजारी नसणं हीच त्याची चैन.

बोका_बघतोय

म्हणजे माझ्यासारखाच. धन्यवाद.

(टाकीकडे आमचा बोकाही बघत असतो. झाकण घट्ट हवं का?)

वाचनमात्र

नावावरूनच कळलं होतं. झाकण हवंच. पण बोक्यासाठी कमी आणि फायटरसाठी जास्त, तो उडी मारतो.

गाळणी

झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार-पाच सेंमी हवा राहू द्या. फायटर, गौरामी हे वर येऊन हवा घेणारे मासे आहेत, त्यांच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो.

निळाई, मूळ प्रश्नाकडे. जात निवडण्याआधी तुमचं पाणी कसं आहे ते बघा. बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो का? बसत असेल तर पाणी जड. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना तसंच पाणी मानवतं, त्यांच्याभोवती टाकी उभी करा. पाणी मऊ असेल तर टेट्रा, रासबोरा, कोरीडोरस. लोक उलट करतात: आधी मासे आणतात, मग बाटलीतली औषधं ओतून पीएच खालीवर करत बसतात. पीएचचा एक आकडा म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो हे लक्षात घेत नाहीत. हल्ली बहुतेक मासे पैदास केंद्रात वाढलेले असतात, ते थोडं इकडेतिकडे चालवून घेतात. रोज बदलणारं पाणी मात्र कुणीच चालवून घेत नाही.

अमोनियाशीही याचा संबंध आहे. पीएच ७ ऐवजी ८ असेल तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे जड पाण्याच्या नव्या टाकीत घाई जास्त महागात पडते.

पाणकोंबडी

माझा अनुभव सांगते. मी दर आठवड्याला टाकीत मूठभर खडे मीठ टाकते, मासे आजारीच पडत नाहीत. निळाई, तुम्हीही करून बघा.

गाळणी

तुमच्याकडे मॉली असतील.

पाणकोंबडी

हो! कसं ओळखलंत?

गाळणी

मॉली मिठात खुशाल राहते, मचूळ पाण्यातही राहते. कोरीडोरस आणि टेट्रा यांना ते सोसत नाही. शिवाय मीठ उडून जात नाही. पाणी उडतं, मीठ उरतं, दर आठवड्याला साठत जातं. पाणी बदलाल तेवढंच निघेल.

निळाई

पाणी तपासलं. मऊच्या बाजूला आहे, पीएच ७ च्या आसपास. म्हणजे गप्पी बाद? आणि आता टाकीत किती मासे मावतात हे कसं काढायचं? एका ठिकाणी वाचलं की गॅलनमागे एक इंच मासा.

तळ्यातमळ्यात

गप्पी अगदी बाद नाहीत, पण मऊ पाण्यात नेहमी थोडे मरगळलेले राहतात. आणि नर-मादी दोन्ही आणलेत तर महिन्याला पिल्लावळ. मादी एकदा फळली की नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहते, नराचं बीज साठवून ठेवते. सहाचे साठ कधी झाले ते कळत नाही.

इंच-गॅलनचा हिशोब विसरा. एक-एक इंचाचे दहा निऑन आणि दहा इंचाचा एक ऑस्कर, त्या हिशोबात दोन्ही सारखे. पण लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं. त्या एका ऑस्करमध्ये शंभरावर वेळा ते दहा निऑन मावतील, आणि घाणही त्याच मापाने. तुमच्या टाकीत कागदावर १५४ लिटर बसतात, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता १३० च्या आसपास. लहान, सडपातळ माशांना ते ऐसपैस आहे. मोठा मासा एकही नको.

मी स्वतः अमुक मासा तमुकाशी जुळतो का हा प्रश्न हल्ली विचारतच नाही. त्या जातीचे पुरेसे मासे ठेवणार आहे का, हे विचारतो. टेट्रा, रासबोरा, कोरीडोरस, बार्ब हे सगळे कळपाचे प्राणी. कळप पुरेसा असला की बुजरा मासा बाहेर येतो आणि भांडखोर मासा आपल्यातच भांडतो. आपण मात्र हौसेने सहा जातींचे तीन-तीन आणतो, आणि मग टाकीत सहा प्रकारची अस्वस्थता पोहत असते. तीन जाती घ्या. दोन भरपूर संख्येने, तिसरी दोन-तीन. माझ्याकडे गेली काही वर्षं एका टाकीत फक्त दोन जाती आहेत, आणि घरी आलेले लोक त्याच टाकीसमोर सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

सह्यभ्रमंती

मग डेनिसन बार्ब का नाही? लाल-काळा पट्टा, कळपात पोहतात तेव्हा डोळ्याचं पारणं फिटतं. शिवाय आपल्या सह्याद्रीचा मासा!

तळ्यातमळ्यात

नावासकट. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला, 'मिस केरळ' म्हणून ओळखला जाणारा. २०१३ मध्ये त्याच्यासाठी जी नवी प्रजाती (जीनस) मांडली तिचं नावच सह्याद्रिया. छंदासाठी नद्यांमधून इतका उपसला गेला की आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पैदास केलेलाच आहे अशी खात्री असल्याशिवाय घेऊ नये असं माझं मत. आणि ९० सेंमीत तर नाहीच. १५ सेंमीचा, वाहत्या पाण्यातला, तीरासारखा पोहणारा मासा, तोही सहा-आठच्या कळपात. तीन झपाट्यांत टाकी संपेल. दीड मीटरची टाकी असेल तर बोलू.

सह्यभ्रमंती

मग नदीतच बघतो. तिथे झाकण लावावं लागत नाही.

निळाई

मग माझी नवी यादी बघा. निऑन १५ (यावर घरात एकमत). तळाला कोरीडोरस ८. तिसरी जात ठरत नाही. रंगीत काचमासे कसे? अंगावर गुलाबी-हिरव्या रेषा असलेले पाहिले.

गाळणी

ते नका घेऊ. मूळ मासा काचेसारखा पारदर्शक आणि सुंदर आहे, या रेषा सुईने टोचून भरलेल्या असतात. त्यात बरेच मरतात, जगतात त्यांचा रंग काही महिन्यांत उडतो.

जुनी_जाळी

तिसरी जात हनी गौरामी घ्या. साधारण ५ सेंमीचा, मवाळ, २४-२५ अंशाला खूश. निऑनना २० ते २६ चालतं, त्यामुळे तिघांचं तापमान जुळतं. एक नर, दोन माद्या. विणीच्या काळात नराचा गळा काळानिळा होतो, तेव्हा तो थोडा मिजास करतो, पण कुणाला इजा करत नाही. ड्वार्फ गौरामी जास्त झगमगीत दिसतात, पण त्यांच्यात एक विषाणूजन्य रोग पसरलेला आहे, त्याला औषध नाही. मी तीनदा आणले, तीनदा गेले.

आणि एंजलचं सांगून बसलो म्हणून ऐकू नका असं नाही. 😀

तळ्यातमळ्यात

हनी गौरामीला माझं अनुमोदन. पण कोरीडोरस आणायचे तर ती खडी काढा. तो मिशांनी तळ चाळत अन्न शोधतो, वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो. टोकदार खडीवर मिशा झिजतात, मग जंतू लागतात. बारीक, गुळगुळीत नदीची वाळू घाला. टाकी रिकामी आहे तोवर हे काम उरकून घ्या. आणि तो सफाई कामगार नाही. वरच्यांचं उरलंसुरलं खाऊन जगेल असं समजून लोक त्याला उपाशी मारतात. दिवा बंद केल्यावर त्याच्यासाठी बुडणारी गोळी टाकायची. मधूनच तो बाणासारखा वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत येईल. घाबरू नका, आतड्यातून श्वास घेण्याची त्याची ती पद्धत आहे. सगळेच सारखे वर जाऊ लागले तर मात्र पाणी तपासा.

निळाई

आणि काच कोण साफ करणार? सकर तर बाद झाला.

वाचनमात्र

तुम्ही.

गाळणी

खरंच तुम्ही. दिवा ६ ते ८ तासच ठेवा, टाकीवर ऊन येऊ देऊ नका, शेवाळ निम्म्यावर येतं. उरलेलं आठवड्याला दोन मिनिटं घासायचं. वर्षभरानंतर वाटलं तर एक ब्रिसलनोज घ्या, सकरचाच छोटा भाऊबंद, १२-१५ सेंमीवर थांबतो. 'अल्गी ईटर' म्हणून विकतात तो सोनेरी लांबुळका मासा मात्र आणू नका. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की २५ सेंमीचा होऊन इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो.

निळाई (आठ आठवड्यांनंतर)

धागा वर काढते, कारण वृत्तांत द्यायचा शब्द दिला होता.

खडी काढली, वाळू घातली. ते एक काम सांगितलं होतं त्याहून चिखलाचं निघालं. अमोनिया तिसऱ्या आठवड्यात उतरला, नायट्राइट मात्र बारा दिवस हलेना. घरातले विचारायचे, "मासे कधी?" आणि मी परीक्षानळीतला जांभळा रंग दाखवायचे. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो रंग आलाच नाही.

आधी कोरीडोरस ८. दुसऱ्याच दिवशी ते ढिगाने एकमेकांवर झोपलेले बघून मला वाटलं आजारी पडले, पण नाही, त्यांना तसंच आवडतं. निऑन १५ आणून आधी वेगळ्या टबात ठेवले, गाळणींनी व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं म्हणून. स्पंज फिल्टर लावून, तीन आठवडे. आठव्या दिवशी दोघांच्या अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके दिसले. औषध केलं, २ गेले, १३ वाचले. मोठ्या टाकीत थेट सोडले असते तर कोरीडोरसनाही लागण झाली असती. आज ते मोठ्या टाकीत गेले. पहिला तासभर झाडांमागे दडून होते, मग सगळे एकदम बाहेर आले. घरातलं बोलणंच थांबलं.

गौरामी ३ टबात आहेत, त्यांची तीन आठवड्यांची मुदत आता सुरू. नर पिवळाधमक आहे. धाकटीने त्याला बघितलं आणि रुसवा संपला. ती त्याला गोल्डफिश म्हणते. आम्ही कुणी दुरुस्त केलेलं नाही.

बोका_बघतोय

वा! माझ्या फायटरला मोठी टाकी मिळाली. सोबत कुहली लोच ६ आहेत म्हणे. सोडल्यापासून मला एकही दिसलेला नाही.

तळ्यातमळ्यात

वाळूत असतील. रात्री टॉर्चने बघा.

निळाई, निऑन आता १३ आहेत तर घाईने दोन आणू नका. १३ पुरेत. नवे आणलेच तर पुन्हा टब, पुन्हा तीन आठवडे.

जुनी_जाळी

अवांतर: आज पुन्हा मोजले. ६.

एंजलच्या जोडीसाठी वेगळी टाकी लावली आहे. नायट्राइट अजून उतरलेलं नाही.